घरी बांधलेल्या गाडीचा हँडब्रेक: मोजमापापासून उतारावरच्या चाचणीपर्यंत

स्वतः बांधलेल्या गाडीत इंजिन बसतं, गिअर पडतात, पायाचा ब्रेकही चोख लागतो आणि हँडब्रेक मात्र शेवटच्या आठवड्यात उरकला जातो. मग लिव्हर पूर्ण ओढूनही गाडी उतारावर सरकते, किंवा एकच चाक धरतं, किंवा ब्रेक पुरता सुटत नाही आणि मागची डिस्क तापत राहते. या तिन्ही तक्रारींचं मूळ बहुधा लिव्हर आणि चाक यांच्या मधल्या वाटेत सापडतं: वाकणारा ब्रॅकेट, नीट न अडवलेला आऊटर (केबलचं बाहेरचं वेष्टण) आणि उलट्या क्रमाने केलेलं अॅडजस्टमेंट. म्हणून या लेखात सगळा भर क्रमावर आहे. टप्पे जसे दिले आहेत तसेच करा.

सुरुवातीलाच एक सीमा आखून घ्या. रॅचेटचा (दात आणि खटका असलेला) लिव्हर, प्रत्यक्ष चाक धरणारा ब्रेक आणि केबलची दाबून बसवलेली टोकं या तीन वस्तू घरी घडवायच्या नाहीत. त्या कारखान्यात बनलेल्याच घ्या, नव्या किंवा दुसऱ्या गाडीतून काढलेल्या. ब्रॅकेट, पुढचा ओढदांडा, दोन्ही चाकांत ओढ वाटणारी पट्टी आणि या सगळ्याची मांडणी हे आपलं काम. तेही काही कमी नाही.

## टप्पा १: ब्रेकचा प्रकार ठरवा

हँडब्रेक यांत्रिकच हवा. एकदा लावला की तो खटक्याच्या आणि धातूच्या जोडणीच्या जोरावर धरून राहिला पाहिजे. ब्रेकच्या पाइपात दाब कोंडून ठेवणारे लाइन लॉक बाजारात मिळतात, ड्रिफ्टिंगच्या गाड्यांतला हायड्रॉलिक हँडब्रेकही अनेकांना खुणावतो. पार्किंगसाठी दोन्ही बाद. तापलेलं ब्रेक ऑइल थंड होताना आकुंचन पावतं, एखादं सील थेंबभर सोडतं आणि दाब उतरतो. त्या वेळी गाडीत कोणी नसतं. शिवाय पायाच्या ब्रेकची लाइन फुटली तर गाडी थांबवायला हातात उरतो तो केबलचाच ब्रेक, आणि तोही त्याच तेलावर अवलंबून असेल तर काहीच उरत नाही.

मागे ड्रम असतील तर प्रश्न जवळपास सुटलेला आहे. ड्रमच्या आतला हँडब्रेकचा लिव्हर आणि दोन शूंमधली आडवी पट्टी जागेवर आहे का एवढं पाहा. जुन्या एक्सलमधून हे भाग अनेकदा गायब झालेले असतात.

डिस्कच्या टोपीत बसणारा छोटा ड्रम मला सगळ्यात पसंत आहे. पायाचा ब्रेक आणि हँडब्रेक पूर्ण वेगळे राहतात. आणखी एक गुण आहे: तापलेला ड्रम थंड होताना आकसतो, त्यामुळे लावलेले शू अधिकच घट्ट धरले जातात.

कॅलिपरमध्येच (डिस्कला दोन्हीकडून पॅडने आवळणाऱ्या भागात) हँडब्रेकची यंत्रणा असेल तर जागा वाचते, पण इथे उलट घडतं. तापलेली डिस्क थंड होताना पातळ होते आणि पॅडची पकड ढिली पडते. लांब घाट उतरून लावलेली गाडी वीस मिनिटांनी सरकते ती यामुळे. राखीव जोर ठेवला तर हा दोष सांभाळता येतो.

वेगळा यांत्रिक कॅलिपर हा बांधीव गाड्यांतला नेहमीचा पर्याय. त्याच डिस्कवर मोकळ्या बाजूला छोटा कॅलिपर बसवायचा. पॅड झिजल्यावर अंतर हाताने भरावं लागतं, हे लक्षात ठेवून तो घ्या.

प्रोपेलर शाफ्टवरचा (गिअरबॉक्सपासून मागच्या एक्सलपर्यंत फिरणाऱ्या दांड्यावरचा) ब्रेक जोराच्या हिशोबाने फायद्याचा, कारण मागच्या डिफरेन्शियलचं गुणोत्तर त्याचा टॉर्क वाढवतं. पण साध्या डिफरेन्शियलमध्ये शाफ्ट अडवला तरी दोन चाकं एकमेकांच्या उलट फिरू शकतात.

> सावधान: शाफ्टवर ब्रेक असलेल्या गाडीचं एक मागचं चाक जॅकने उचललं की हँडब्रेक निकामी होतो. ज्या क्षणी तुम्ही गाडीखाली हात घालता त्याच क्षणी. हा प्रकार निवडलात तर जॅक लावण्याआधी चाकांना ठोकळे लावण्याची सवय अंगात मुरलेली हवी.

## टप्पा २: कागदावर जोर आणि चाल मोजा

हा टप्पा सर्रास वगळला जातो आणि नंतर त्याची किंमत वेल्डिंग कापून मोजावी लागते.

लक्ष्य कोणतं ठेवायचं? संयुक्त राष्ट्रांच्या आर १३-एच नियमावलीत पार्किंग ब्रेकने भरलेली मोटारगाडी २० टक्के चढावर आणि उतारावर धरून ठेवली पाहिजे अशी अट आहे. त्यासाठी हाताने लावायच्या लिव्हरवर ४०० न्यूटनपेक्षा जास्त जोर लागता कामा नये, पायाने लावायचा असेल तर ५०० न्यूटन. तुमच्या गाडीच्या नोंदणीला कोणता नियम लागतो ते वेगळं विचारून घ्या, पण रचना करताना हे आकडे समोर ठेवावेत.

उदाहरण घेऊ. माणसं आणि सामानासह वजन १००० किलो, टायरची त्रिज्या ०.३० मीटर, ब्रेक मागच्या दोन चाकांवर.

- २० टक्के म्हणजे सुमारे ११.३ अंश. गाडीला खाली ओढणारा जोर: १००० × ९.८१ × ०.१९६ = सुमारे १९२० न्यूटन.
- चाकांवर एकूण टॉर्क: १९२० × ०.३० = ५७६ न्यूटन-मीटर. प्रत्येक चाकाला २८८.
- ३० टक्के राखीव धरून प्रत्येकी सुमारे ३७५ न्यूटन-मीटर.
- पॅडचा घर्षणांक ०.३५, पॅडच्या मध्यापर्यंतची त्रिज्या ०.११ मीटर. पॅड दोन, म्हणून लागणारा दाब: ३७५ ÷ (२ × ०.३५ × ०.११) = सुमारे ४८७० न्यूटन.

आता हाताकडून चाकाकडे या. मुठीवर ३०० न्यूटन. मुठीपासून लिव्हरच्या पिनपर्यंत २८० मिमी आणि पिनपासून ओढदांड्यापर्यंत ४० मिमी, म्हणजे जोर ७ पट: २१०० न्यूटन. दोन केबलमध्ये वाटून १०५०. केबलच्या घर्षणात पाचवा हिस्सा गेला, उरले ८४०. कॅलिपरच्या यंत्रणेची वाढ ६ पट धरली तर ५०४० न्यूटन. लागत होते ४८७०. जमलं, आणि हाताचा जोरही मर्यादेच्या बराच खाली आहे.

पण जोर वाढतो तेवढी चाल खर्च होते, आणि इथेच बहुतेकांची फसगत होते. पॅड आणि डिस्कमधली एकूण फट १ मिमी असेल तर कॅलिपरच्या लिव्हरला ६ मिमी सरकावं लागतं. केबलचा ताण, ब्रॅकेटची लवचीकता आणि पिनांतली ढिलाई मिळून आणखी ६ मिमी धरा. म्हणजे ओढदांडा १२ मिमी सरकला पाहिजे. ४० मिमी त्रिज्येवर ही चाल सुमारे १७ अंशांची. लिव्हर ४५ अंश फिरत असेल तर एकूण ३१ मिमी चाल हाताशी आहे, म्हणजे झीज आणि ताणासाठी जागा उरते. जोर कमी पडतोय म्हणून कॅलिपरचा लिव्हर लांब केला तर हीच राखीव चाल खाल्ली जाते आणि चार महिन्यांनी लिव्हर वरच्या टोकाला जाऊन टेकतो.

पॅडबद्दल एक गोष्ट. शर्यतीसाठी बनलेले काही पॅड तापल्यावरच नीट पकडतात. उभ्या गाडीचा ब्रेक थंड असतो, म्हणून घर्षणांक थंड अवस्थेतलाच धरा.

> तपासा: गाडीचं नाक उताराकडे असेल तर मागच्या चाकांवरचा भार कमी होतो. पुढे जड असलेल्या गाडीत, ओल्या रस्त्यावर, ब्रेकने चाकं घट्ट धरूनही टायर घसरू शकतात. हे ब्रेक मोठा करून सुटत नाही. वजनाची वाटणी अशी असेल तर चाचणीत ही दिशा आवर्जून घ्या.

## टप्पा ३: केबल मागवण्याआधीची तयारी

गाडी अंतिम उंचीवर, खऱ्या स्प्रिंगांवर, खऱ्या चाकांवर उभी असली पाहिजे. सीट, एक्झॉस्ट, प्रोपेलर शाफ्ट आणि पेट्रोलची टाकी जागेवर बसलेली हवी. यातलं काही बाकी असेल तर थांबा. रिकाम्या चेसिसवर मोजलेली केबल एक्झॉस्ट आल्यावर हमखास नको त्या वाटेने न्यावी लागते.

दुसऱ्या गाडीतून काढलेला लिव्हर नीट पारखा. बटण न दाबता हळू वर ओढा: प्रत्येक दात स्पष्ट वाजला पाहिजे. मग मध्यावर अडकवून मुठीवर हाताने ठोसे द्या. खटका सुटला किंवा दातांची टोकं गोल झालेली दिसली तर तो लिव्हर टाकून द्या. दातांवर फाइल फिरवून धार काढण्याचा मोह आवरा. वरचा कठीण थर निघून जातो आणि उरलेलं पोलाद आणखी लवकर झिजतं.

ब्रॅकेट आधी जाड पुठ्ठ्याचे कापा आणि जागेवर धरून पाहा. केबलच्या जागी जुनी आऊटरसकट केबल, नसेल तर तेवढ्याच ताठरपणाचा रबरी पाइप, प्रत्यक्ष वाटेने फिरवा. दोर वापरू नका, तो कुठूनही वळतो आणि खोटं माप देतो.

> सावधान: वेल्डिंगआधी बॅटरीची तार सोडा आणि जवळची पेट्रोल व ब्रेकची लाइन बाजूला करा. अर्थचा चिमटा वेल्डच्या अगदी जवळ लावा, नाहीतर करंट बेअरिंगमधून किंवा केबलमधून वाट काढतो. भाग ब्रेक क्लीनरने धुतले असतील तर वेल्डिंग करू नका. क्लोरीन असलेला क्लीनर वेल्डच्या उष्णतेत फॉस्जीन हा जीवघेणा वायू तयार करतो. साबणपाण्याने धुवा, पूर्ण सुकवा, मगच टॉर्च हातात घ्या.

## टप्पा ४: चाकापाशी ब्रेक बसवा

सुरुवात चाकाकडून. लिव्हर आधी बसवला की केबलला त्याच्या सोयीने वळावं लागतं, आणि चाकापाशी जो कोन मिळायला हवा तो मिळत नाही.

वेगळ्या कॅलिपरसाठी ८ ते १० मिमी जाडीचा पोलादी ब्रॅकेट घ्या. आपल्या उदाहरणात डिस्क कॅलिपरला फिरत्या दिशेने जवळपास ३४०० न्यूटनने ढकलते, म्हणून पातळ पट्टी इथे पिळली जाते. ब्रॅकेट एक्सलवरच्या किंवा हबच्या सांगाड्यावरच्या तयार भोकांना बोल्टने आवळा. ओतीव किंवा घडीव हबला घरी वेल्ड लावू नका. वेल्डच्या शेजारचा भाग ठिसूळ होतो आणि तडा आतल्या आत वाढतो.

कॅलिपर डिस्कला समांतर आहे हे फिलर गेजने (फट मोजायच्या पातळ पट्ट्यांनी) चार कोपऱ्यांवर पाहा. पॅडची कड डिस्कच्या बाहेर डोकावता कामा नये. डोकावली तर तेवढा भाग न झिजता ओठासारखा वाढतो आणि पुढे पॅडला डिस्कपर्यंत पोचूच देत नाही. डिस्कजवळ नायलॉनचे लॉकनट टाळा, तापल्यावर नायलॉनची पकड जाते. पूर्ण धातूचे लॉकनट वापरा.

यंत्रणा आत असलेला कॅलिपर डावा-उजवा ओळखूनच बसवा. हवा काढायचा निपल वर आला पाहिजे. तो खाली असेल तर बाजू उलटल्या आहेत आणि कितीही पंप केलं तरी हवा निघणार नाही. अशा कॅलिपरचा पिस्टन बहुधा फिरवून आत न्यावा लागतो. शिकंजा लावून नुसता दाबला तर आतलं स्क्रूचं यंत्र मोडतं. पिस्टनच्या खाचेत पॅडची मागची खुंटी बसते हेही पाहा.

तरंगत्या (आडवा सरकू शकणाऱ्या) कॅलिपरवर आऊटर अडवायचा ओठ कॅलिपरच्याच अंगावर हवा. आऊटर एक्सलला बांधला तर केबल ओढताना सगळा कॅलिपर तिरका खेचला जातो. एक पॅड कुरतडत राहतं आणि दुसरं कोरं राहतं.

शेवटी कोन पाहा. ब्रेक पूर्ण लागलेला असताना कॅलिपरचा लिव्हर आणि केबल यांच्यात ९० अंशांच्या आसपास कोन असावा. तो ४५ अंशांवर आला तर ओढीतला सुमारे ७० टक्केच जोर कामाला येतो.

> तपासा: चाक बसवून हाताने पूर्ण फिरवा. रिम आणि कॅलिपर, रिम आणि केबल, कुठेही स्पर्श नको. स्टिअरिंग वळणाऱ्या चाकावर ब्रेक असेल तर दोन्ही टोकांपर्यंत वळवून हेच करा.

## टप्पा ५: लिव्हर बसवा

मुठीवर ३०० न्यूटन म्हणजे दांड्यावर २१००, आणि हा सगळा जोर शेवटी गाडीच्या तळाच्या पत्र्यावर येतो. तळाचा पत्रा सहसा मिलिमीटरभरच जाड असतो. वॉशर लावून चार बोल्ट आवळले की लिव्हर बसल्यासारखा दिसतो, आणि ओढला की पत्रा वर फुगतो. तुम्ही मोजलेल्या ३१ मिमीतले आठ-दहा मिमी असेच पत्रा वाकवण्यात जातात.

म्हणून लिव्हर शक्य तर चेसिसच्या आडव्या नळीवर घ्या. पत्र्यावरच घ्यावा लागला तर खालून ३ मिमीची मोठी पट्टी द्या, तिच्या कडा वर वळवा किंवा बरगड्या जोडा, आणि ८.८ दर्जाचे एम ८ बोल्ट वापरा.

सीटमध्ये बसून, पट्टा लावून, लिव्हरची जागा ठरवा. वरच्या टोकाला कोपर सीटवर आपटू नये, खालच्या टोकाला बोटं सीट आणि बोगद्याच्या (शाफ्टवरच्या मधल्या उंचवट्याच्या) मध्ये चिरडू नयेत. लिव्हर लावलेला असताना दिवा पेटवणारा स्विच आत्ताच बसवा. नंतर बसवू म्हटलेला स्विच बसत नाही, आणि अर्धवट लागलेल्या ब्रेकवर मैलोनमैल गाडी चालते.

> तपासा: ओढदांडा पक्क्या खांबाला बांधा, एकाने लिव्हर जोरात ओढावा, दुसऱ्याने खालून ब्रॅकेटवर नजर ठेवावी. डायल गेज असेल तर उत्तम. मिलिमीटरपेक्षा जास्त हलला तर पुढे जाऊ नका, पट्टी मजबूत करा.

## टप्पा ६: ओढदांडा आणि इक्वलायझर

लिव्हरपासून मागे येणारा एकच भाग दोन्ही चाकांचा जोर वाहतो. तिथे केबलऐवजी एम ८ चा दांडा घ्या. टोकाला आटे पाडलेला दांडा ताणत नाही, तपासायला सोपा आणि अॅडजस्टमेंटही त्याच्यावरच होतं. क्लेव्हिसमध्ये (पिन बसणाऱ्या दुफाटी टोकात) किमान १२ मिमी आटे आत गेले पाहिजेत. आट्यांच्या भागाला वाक येऊ देऊ नका. दांडा थोडा वर-खाली होणार असेल तर दोन्ही टोकांना पिन हवी, एका टोकाला पक्कं बांधलं की आट्यांच्या मुळाशी तो तुटतो.

इक्वलायझर म्हणजे मध्यावर ओढली जाणारी आणि दोन टोकांनी केबल ओढणारी आडवी पट्टी. दोन्ही केबल एकाच क्लेव्हिसला थेट बांधल्या तर मिलिमीटरचा फरक राहिला तरी एक चाक सगळा भार घेतं आणि दुसरं मोकळं फिरतं. २५ × ६ मिमीची साध्या पोलादाची पट्टी घ्या, केबलची भोकं मध्यापासून दोन्हीकडे अगदी सारख्या अंतरावर, ४० मिमी. पट्टी उभी लावा, म्हणजे २५ मिमीची बाजू ओढीच्या दिशेत येईल. आडवी लावलीत तर पहिल्याच जोरात तिचं धनुष्य होईल.

आता सर्रास सुटणारी गोष्ट. एक केबल तुटली तर पट्टी गर्रकन फिरते आणि दुसऱ्या केबलचाही जोर जातो. म्हणून पट्टी ठरावीक कोनापलीकडे फिरू नये असा अडसर दोन्ही बाजूंना द्या. तो अडसर ओढदांड्याच्या क्लेव्हिसवरच असावा, म्हणजे दांड्यासोबत पुढे-मागे सरकेल. पट्टी त्याला टेकली की उरलेली केबल पुन्हा ओढली जाते आणि निदान एक चाक तरी धरतं.

सगळ्या पिना डोकं वर करून घाला. स्प्लिट पिन गळून पडली तरी पिन आपल्या वजनाने जागेवर राहते.

## टप्पा ७: केबल

आऊटर असलेली केबल कशी काम करते हे डोक्यात पक्कं असलं की निम्म्या चुका टळतात. इनर जेवढ्या जोराने ओढली जाते तेवढ्याच जोराने आऊटर दाबला जातो. म्हणून आऊटरची दोन्ही टोकं न हलणाऱ्या जागी टेकलेली असली पाहिजेत. मधल्या क्लिपा फक्त वाट दाखवतात, जोर घेत नाहीत. टोकाचा ब्रॅकेट हलला तर तेवढी चाल गेलीच.

वळण जेवढं कमी तेवढं चांगलं, आणि कोणतंही वळण १५० मिमीपेक्षा कमी त्रिज्येचं नको. घर्षणांक ०.१२ धरला तर एकूण ९० अंश वळलेली केबल सुमारे ८३ टक्के जोर पोचवते, १८० अंश वळलेली ६९ टक्के, २७० अंश वळलेली ५७ टक्के. टप्पा २ मध्ये ८० टक्के धरले होते ते ९० अंशांच्या आसपास वळणाऱ्या वाटेसाठी. तुमची वाट नागमोडी असेल तर मागे जाऊन आकडा बदला. आणि ही बेरीज सगळ्या वळणांची आहे: उजवीकडे ४५ आणि डावीकडे ४५ मिळून ९० होतात, एकमेकांत वजा होत नाहीत.

केबलची तुटण्याची क्षमता नेहमीच्या जोराच्या चार-पाच पट हवी. टोकं मशीनने दाबून बसवलेली घ्या. दोर आवळायचे यू आकाराचे चिमटे इथे चालत नाहीत, ते हळूहळू सरकतात आणि तारा कुरतडतात.

आता सस्पेन्शन. मागचा एक्सल किंवा हब वर-खाली होतो, चेसिस होत नाही. दोघांमधली केबल सस्पेन्शनच्या हाताच्या फिरण्याच्या बिंदूजवळून न्या, म्हणजे तिची लांबी फारशी बदलत नाही. मोकळ्या वळशाला एक्झॉस्टपासून, टायरपासून आणि शाफ्टपासून लांब ठेवा.

> तपासा: स्प्रिंग काढून किंवा जॅकने हब पूर्ण खाली आणि पूर्ण वर नेऊन पाहा. दोन्ही टोकांना कॅलिपरचा लिव्हर आपल्या अडसरावर टेकलेलाच राहिला पाहिजे. खाली नेताना तो उचलला गेला तर खड्ड्यात चाक लटकताच ब्रेक आपोआप लागेल.

## टप्पा ८: अॅडजस्टमेंट, याच क्रमाने

सगळ्यात जास्त गाड्या इथे बिघडतात. लिव्हर वर जातोय म्हणून केबल आवळली जाते. केबल आवळल्यामुळे कॅलिपरचा लिव्हर पूर्ण मागे येत नाही, आपोआप अंतर भरणारी यंत्रणा थांबते, पॅड झिजतं, लिव्हर पुन्हा वर जातो, केबल पुन्हा आवळली जाते.

1. दोन्ही केबल सोडून ठेवा. हँडब्रेक पूर्ण खाली.
2. चाकापाशी अंतर भरा. ड्रममध्ये शू टेकेपर्यंत अॅडजस्टर फिरवा, मग चाक हलक्या घासण्यासह मोकळं फिरेल इतका मागे घ्या. यंत्रणा आत असलेल्या कॅलिपरमधली हवा आधी काढून घ्या. काही कॅलिपर पायाचा ब्रेक दाबल्याने अंतर भरतात, काही स्वतःचा लिव्हर हलवल्याने, तेव्हा तो ज्या गाडीचा आहे तिचं मॅन्युअल पाहा. वेगळ्या कॅलिपरमध्ये बनवणाऱ्याने दिलेली फट फिलर गेजने ठेवा.
3. दोन्ही बाजूंचे लिव्हर अडसरावर टेकलेत याची हाताने खात्री करा.
4. केबल जोडा. ओढदांड्याचा नट आवळत जा. चाकापाशी लिव्हर अडसरावरून उचलला जाणार एवढ्यात थांबा आणि नट थोडा मागे घ्या.
5. लिव्हर दहा-पंधरा वेळा पूर्ण जोराने ओढून सोडा. नवी केबल आणि आऊटर आपापल्या जागी बसतात.
6. पायरी ३ आणि ४ पुन्हा करा.
7. इक्वलायझर ब्रेक लागलेला असताना ओढीला जवळपास काटकोनात आहे का पाहा. तिरका असेल तर एका बाजूचं अंतर चुकलंय. पट्टी सरळ करण्यासाठी एकच केबल आवळू नका, पायरी २ वर परत जा.
8. लॉकनट घट्ट, स्प्लिट पिना वाकवलेल्या.

लिव्हरच्या एकूण दातांपैकी निम्म्याच्या आसपास ब्रेक पक्का लागावा. पहिल्या-दुसऱ्या दातावरच लागत असेल तर आनंद मानू नका. बहुधा ब्रेक आधीच घासतोय.

## टप्पा ९: चाचणी

आधी स्टँडवर. पुढच्या चाकांना दोन्ही बाजूंनी ठोकळे, मागे भक्कम स्टँड, गिअर न्यूट्रल. मागच्या हबच्या दोन बोल्टांना मीटरपेक्षा थोड्या जास्त लांबीचा लोखंडी दांडा आडवा बांधा. हँडब्रेक नेहमीच्या जोराने लावा. हबच्या मध्यापासून बरोबर १ मीटरवर वजनाचा स्प्रिंगकाटा अडकवून हळूहळू खाली ओढा, झटका देऊ नका. उदाहरणातल्या गाडीला प्रत्येक चाकावर २८८ न्यूटन-मीटर हवेत, म्हणजे काट्यावर सुमारे २९ किलो. राखीव धरून ३८ किलोपर्यंत हब हलता कामा नये. दांड्याचं निम्मं वजनही त्यात मिळवा. दांडा पलटून दुसऱ्या दिशेनेही मोजा, कारण ड्रमचे शू एका दिशेला जास्त आणि दुसऱ्या दिशेला कमी धरू शकतात. दोन चाकांच्या आकड्यांत मोठा फरक असेल तर उतारावर जाऊ नका.

नवे शू असतील तर मोकळ्या, सपाट जागी, कमी वेगात, बटण दाबून धरून, लिव्हर हलका ओढत थोडं अंतर चालवा आणि मध्ये थंड होऊ द्या. पूर्ण पृष्ठभाग टेकेपर्यंत नव्या शूंची पकड कमीच असते.

मग उतार. मीटरभर सरळ पट्टी आणि लेव्हल घ्या. पट्टी आडवी धरल्यावर खालच्या टोकाखाली २० सेंटिमीटर अंतर आलं की तो २० टक्के उतार. ठोकळे चाकापासून वीतभर खाली ठेवा. चालक आत, पाय ब्रेकच्या पेडलवर तयार. गाडीच्या खालच्या बाजूला कोणीही उभं राहायचं नाही. गिअर न्यूट्रल, हँडब्रेक लावा, पाय हळू सोडा. टायर आणि जमिनीवर एकाच रेषेत खडूची खूण करा आणि पाच मिनिटं थांबा. नाक वर करून एकदा, नाक खाली करून एकदा, शक्यतो गाडीत पूर्ण वजन भरून.

शेवटची चाचणी तापलेल्या ब्रेकची. डिस्क असलेल्या गाडीत ही सोडूच नका. ब्रेक चांगले तापेपर्यंत चालवा, उतारावर लावा, ठोकळे लावून अर्धा तास खडूची खूण पाहा. खूण सरकली तर राखीव जोर अपुरा आहे: कॅलिपरची त्रिज्या, लिव्हरचं गुणोत्तर किंवा केबलची वाट, या तिन्हींतलं काहीतरी बदलावं लागेल. एक दात जास्त ओढायची सवय लावून घेणं हा उपाय नाही, कारण गाडी कधीतरी दुसरं कोणीतरी लावणार आहे.

## तक्रार आली तर कुठे पाहायचं

लिव्हर मऊ लागतो, वरपर्यंत येतो: ब्रॅकेट किंवा आऊटरची टोकं वाकताहेत. कोणाला तरी ओढायला सांगून एकेक जागा बोटाने चाचपा.

लिव्हर कडक लागतो, तरी गाडी सरकते: केबल कुठेतरी अडली आहे, किंवा पॅडवर ग्रीस आहे.

सोडल्यावर चाक जड फिरतं: चाकापाशी केबल सोडा. चाक मोकळं झालं तर दोष केबलमध्ये किंवा तिच्या वाटेत, नाही झालं तर ब्रेकमध्ये.

पावसाळ्यानंतर सुटत नाही: आऊटरच्या वरच्या टोकातून पाणी आत गेलंय. अशी केबल तेल सोडून वाचवू नका, बदला. नवी लावताना टोकाला रबरी बूट चढवा आणि उघडं तोंड खाली येईल अशी वाट द्या.

पहिल्या शंभर-दोनशे किलोमीटरनंतर टप्पा ८ पुन्हा पहिल्या पायरीपासून करा. त्यानंतर पॅड किंवा शू बघायला चाक काढाल तेव्हा प्रत्येक वेळी केबलच्या दोन्ही टोकांच्या तारा, इक्वलायझरची भोकं आणि स्प्लिट पिना पाहा. एक तार जरी तुटून बाहेर आलेली दिसली तरी केबल बदलायची.